हिरवळीवरचे रोडगे

भालचंद्र उमाळ्यांची अपेक्षा तशी माफक होती. रविवारी सकाळी एक कप चहा प्यावा आणि तो संपेपर्यंत कोणी 'साहेब, जरा एक विचारायचं होतं' म्हणू नये, एवढीच. पण मेहकरात राहून ही अपेक्षा ठेवणं म्हणजे एस.टी. स्टँडवर बसून ध्यान लावण्यासारखं होतं.

उमाळे महसूल खात्यात अव्वल कारकून. तालुक्यात ज्याच्या नावावर वीतभर जमीन आहे त्याचा एखादा कागद उमाळ्यांच्या टेबलावर अडकलेला असे. ज्याच्या नावावर नाही त्याचा तर असेच. त्यांची ख्याती पैसे खाण्याबद्दल नव्हती, त्रुटी काढण्याबद्दल होती. कोणताही अर्ज हातात आला की ते तो उताणा, पालथा, उजेडाकडे धरून बघत, आणि मग हळूच म्हणत, "त्रुटी आहे." अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत बिनत्रुटीचा अर्ज त्यांनी दोनदा पाहिला होता. दोन्ही वेळा अर्जदार वारलेला निघाला.

त्यामुळे लोक त्यांना गाठत. न्हाव्याच्या खुर्चीत गाठत, दवाखान्यात गाठत, लग्नात अक्षता टाकता टाकता गाठत. एकदा तर मयतीला खांदा दिला असताना पुढच्या खांदेकऱ्यानं मान वळवून विचारलं, "माझ्या फेरफाराचं काय झालं साहेब?" उमाळ्यांनी "त्रुटी आहे" म्हणून सांगितलं आणि खांदा बदलला. पण त्या दिवशी घरी येऊन त्यांनी आंघोळ दोनदा केली.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात वर्तमानपत्राच्या घडीतून एक गुळगुळीत कागद खाली पडला. मेहकर-डोणगाव रस्त्यावर 'रॉयल मेफ्लॉवर कंट्री क्लब' सुरू झाला होता. हिरवळ, पोहण्याचा तलाव, नऊ भोकांचं छोटं गोल्फ, उपाहारगृह. खाली एकच ओळ होती : 'फक्त निवडक लोकांसाठी.'

उमाळ्यांनी तो शब्द तीनदा वाचला. निवडक. म्हणजे बाकीचे बाहेर. म्हणजे फाटक. म्हणजे फाटकावर माणूस, आणि तो माणूस पब्लिकला म्हणणार, "तुम्हाला आत जाता येणार नाही." अठ्ठावीस वर्षं जे वाक्य ते स्वतः म्हणत आले, ते त्यांच्या वतीनं दुसरं कोणी म्हणणार होतं.

"मी क्लबचा मेंबर होणार," त्यांनी बायकोला, स्नेहलताबाईंना सांगितलं.

"कुठं आहे हा क्लब?"

"तुझ्या माहेरच्या रस्त्यावर. कडूबाचं वावर घेतलंय त्यांनी."

कडूबा म्हणजे स्नेहलताबाईंचा डोणगावचा चुलतभाऊ. त्यानं दोन वर्षांपूर्वी रस्त्याकडचं अकरा एकर विकून मागचं सात एकर ठेवलं होतं. ही बातमी कळताच तो मोटारसायकलवर मेहकरला आला आणि पायरीवरच बसून म्हणाला, "भाऊजी, थ्या वावरात मी तीस वर्सं फुकट बसलो. तवा मले कोनी सांगितलं नाही का हा क्लब आहे म्हून."

शेजारचे रामराव, एस.टी.चे निवृत्त कंट्रोलर, कुंपणावरून ऐकतच होते. जगातली कोणतीही गोष्ट रामरावांना माहीत नाही असं नव्हतं, आणि माहीत नसली तरी ते तसं होऊ देत नसत. ते म्हणाले, "साहेब, क्लब म्हंजे काय असते? गावात जे लोकं आपल्याले आवडत नाही, थ्या लोकायले फी भरून भेटाले जाचं. माह्या साडूनं केला व्हता अकोल्यात. दोन वर्सांत पत्ते शिकला आन् घरचं बोलनं इसरला."

"आपल्याला तेच पाहिजे," उमाळे म्हणाले. रामरावांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं, म्हणून त्यांनी पत्त्यांच्या ऐवजी पोहण्याचे तोटे सांगायला सुरुवात केली.

आता अर्ज. उमाळ्यांनी तो आयुष्यात पहिल्यांदाच टेबलाच्या या बाजूला बसून भरला. निळ्या शाईनं, खाडाखोड न करता, जोडपत्रांना अ, ब, क देऊन. सहा दिवसांनी अर्ज परत आला. वर मॅनेजर सुचिता मॅडमच्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी होती : 'फोटोमध्ये हास्य हवे.'

उमाळ्यांनी ती चिठ्ठी पालथी करून, उजेडाकडे धरून बघितली. त्रुटी! त्यांच्या अर्जात! सरकारी फोटोत हसणं हा जवळपास गुन्हा असतो, आणि त्यांच्याकडचे सगळेच फोटो सरकारी होते, लग्नातलासुद्धा. शेवटी स्टुडिओवाल्यानं तेरा फोटो काढले. त्यातल्या ज्या एकात दात दिसत होते, तो त्यांना शिंक येत होती तेव्हाचा होता. तोच जोडला.

दुसऱ्यांदा अर्ज परत आला तो छंदाच्या रकान्यासाठी. उमाळ्यांनी लिहिलं होतं 'वाचन'. मॅडमनं लिहिलं, 'कृपया क्लबमध्ये उपलब्ध असलेला छंद लिहावा.' उमाळ्यांनी 'पोहणे' लिहिलं. हे खोटं नव्हतं. वयाच्या बाराव्या वर्षी पाठीला भोपळा बांधून ते मामाच्या विहिरीत पोहायला शिकले होते. चाळीस वर्षांत त्यांनी पाणी फक्त बादलीत पाहिलं होतं ही गोष्ट अर्जात कुठं विचारलेली नव्हती.

तिसऱ्या वेळची त्रुटी मात्र जिव्हारी लागली. रकाना चौदा होता : 'कुटुंबाची स्थावर मालमत्ता (सामाजिक पार्श्वभूमीसाठी).' उमाळ्यांच्या स्वतःच्या नावावर अडीच खोल्या आणि एक कडुनिंब. कुटुंबात सासरवाडी धरायला हरकत नाही असा त्यांनी नियमाचा अर्थ लावला आणि कडूबाला सातबारा मागितला. कडूबानं प्लास्टिकच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून दिला. घाईत उमाळ्यांनी गट नंबर बघितला नाही. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.

चिठ्ठी आली : 'आपण जोडलेला सातबारा आमच्या क्लबच्या जमिनीचा आहे.'

कडूबा म्हणाला, "मंग खोटं काय आहे त्याच्यात? जमीन तीच हाय नं!"

उमाळ्यांनी रकाना चौदात अडीच खोल्या आणि कडुनिंब लिहून अर्ज पुन्हा पाठवला. परत आलेला सातबारा त्यांनी, सवय ती सवय, फाईलला लावण्याआधी वरपासून खालपर्यंत, उजवीकडच्या रकान्यासकट वाचला. उजवीकडच्या रकान्याशी त्यांची नजर जराशी थांबली. मग त्यांनी कागदाची घडी घालून फाईलमध्ये ठेवली आणि फाईल स्कूटरच्या डिकीत. उमाळे फाईलशिवाय भाजी आणायलासुद्धा जात नसत.

नवऱ्याचं तोंड तीन आठवडे असं उतरलेलं बघून स्नेहलताबाईंनी कोणाला न विचारता एक गोष्ट केली. एका शनिवारी त्या माहेरी गेल्या. कडूबाच्या विकलेल्या वावरात, आता क्लबच्या हिरवळीच्या मधोमध, लिंबाखाली एक शेंदूर फासलेला मारोती आहे. तोच त्यांच्या माहेरचा मारोती. परीक्षा, बाळंतपणं, कडूबाची हरवलेली म्हैस, डोणगावची निम्मी कामं त्यानं केलेली. क्लबवाल्यांनी त्याला हात लावला नव्हता. भोवती पांढरी साखळी लावून 'हेरिटेज कॉर्नर' अशी पाटी ठोकली होती. बाई कुंपणाच्या तारेबाहेर उभ्या राहिल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "बाप्पा, यांचं तेवढं क्लबाचं होऊ दे. पाच पायल्यांचे रोडगे घालीन तुझ्यापुढं."

बुधवारी क्लबचं पत्र आलं. उमाळ्यांना एका महिन्यासाठी तात्पुरतं सदस्य करून घेतलं होतं. वर्तणूक समाधानकारक आढळल्यास समिती कायम करणार होती. आपला अर्ज तर्कशुद्ध मांडणीमुळे मंजूर झाला असं उमाळ्यांना वाटलं. मारोतीनं हे मनावर घेतलं नाही.

पहिल्या रविवारी उमाळे कॉलरचा टी-शर्ट आणि बूट घालून क्लबात गेले. टी-शर्ट नवा होता आणि घड्यांवरून तसं कळत होतं. फाटकावर गोविंदा नावाचा पहारेकरी. हाही डोणगावचाच, म्हणजे गावच्या नात्यानं मेहुणाच.

"राम राम भाऊजी! आक्का बरी हाय?"

"बरी आहे."

"मागच्या शनवारी तारंपाशी उभी दिसली व्हती. कार्ड दाखवा."

"अरे, तू मला ओळखतोस की."

"वयखतो त! तुमच्या लग्नात मीच आईसक्रीम वाटलं. कार्ड दाखवा."

उमाळ्यांना राग यायला हवा होता, पण उलट छातीत काहीतरी उबदार पसरलं. असाच माणूस हवा होता त्यांना फाटकावर. त्यांनी कार्ड दाखवलं, हिरवळीवर वेताच्या खुर्चीत बसले, चहा मागवला. चाळीस मिनिटं कोणी काही विचारलं नाही. एक साळुंकी आली, ती पण काही न विचारता गेली. एक्केचाळिसाव्या मिनिटाला त्यांना जरा चुकल्यासारखं झालं, पण ते सवयीचं होतं, निघून गेलं असतं.

पोहण्याचं प्रकरण मात्र व्हायचंच होतं. सुचिता मॅडम पुण्याच्या. काम चोख, मराठी चोख, आणि समोरच्यानं 'मले' म्हटलं की त्यांच्या भुवया आपोआप वर जात. त्यांनी हातात यादी घेऊन विचारलं, "उमाळे सर, आपला छंद पोहणे आहे ना? समितीला नोंद लागते."

नोंद हा शब्द ऐकल्यावर उमाळ्यांना मागं हटता येईना. ते तलावाच्या काठावर गेले, नाक दाबलं, गुडघे पोटाशी घेतले आणि विहिरीत मारतात तसा मुटका मारला. आपल्याकडे विहिरीची खोली विचारायची पद्धत नाही. विहीर खोलच असते, नाही तर ती विहीर कसली? हा तलाव मात्र त्या बाजूला साडेतीन फूट होता. मॅडम "सर, ती लहान मुलांची..." एवढं म्हणेपर्यंत उमाळ्यांचा उजवा गुडघा तळाच्या निळ्या फरशीला भेटून परत वर आला होता. पाणी मात्र भरपूर उडालं. उपाहारगृहात तीन टेबलांवरचे सामोसे भिजले.

समितीच्या वहीत नोंद झाली : 'उत्साही.'

लंगडत घरी आल्यावर स्नेहलताबाईंनी गुडघ्याला हळद लावता लावता सांगितलं, "मी एक नवस बोलले होते."

"कशासाठी?"

"तुमच्या क्लबासाठी. पाच पायल्यांचे रोडगे. त्या मारोतीपुढं. आणि आता तुमचा गुडघा गेला, म्हणजे तो आठवण करून देतोय. उशीर नको."

ज्यांना रोडगे माहीत नाहीत त्यांनी वाचणं थांबवून आधी कोणाकडं तरी जेवून यावं. जमत नसेल तर थोडक्यात असं : जाडसर कणकेचे मुठीएवढे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे आणि सणसणीत वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. हे घरात होत नाही. वावरात, देवापुढं, जमिनीवर जाळ करूनच होतं.

उमाळ्यांनी मॅडमकडं रीतसर अर्ज केला. हिरवळीवर छोटा धार्मिक कार्यक्रम. मॅडमनी नियमावली उघडली. सदस्यास दोन पाहुणे आणता येतील. बाहेरचे अन्न आणता येणार नाही.

"बाहेरचं नाही," उमाळे म्हणाले. "तिथंच करायचं आहे."

मॅडमनी नियमावली पुन्हा चाळली. तिथंच करायच्या अन्नाबद्दल नियम नव्हता, कारण ती लिहिणाऱ्याला असं सुचलंच नव्हतं. "छोटं असेल तर करा," त्या म्हणाल्या. "पण पाहुणे दोनच. आणि सर, पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी समितीची बैठक आहे. आपल्याला कायम करण्याचा विषय त्यातच आहे. तेव्हा जरा..."

"समजलं," उमाळे म्हणाले.

पण नेमका तोच शनिवार स्नेहलताबाईंनी धरला होता, आणि त्या दिवसाबाबत मारोतीशी बोलणी करता येत नाहीत. उमाळ्यांनी कडूबाच्या आईला, गोजरबाई काकूंना फोन केला. रोडग्यांचा सगळा कारभार काकूंकडेच असे.

"काकू, दोनच माणसं येऊ शकतात. नियम आहे. तुम्ही आणि कडूबा. बाकी कोणाला सांगू नका."

"हाव," काकू म्हणाल्या.

डोणगावात 'हाव'चा अर्थ 'ऐकू आलं' एवढाच असतो. ज्या माणसानं स्वतः अठ्ठावीस वर्षं 'बघतो' म्हणून लोकांना घरी पाठवलं, त्याला हे कळायला हवं होतं. शिवाय नवसाचं आवतन मोजून देता येत नाही. ते चूलबंद द्यायचं असतं, म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. म्हातारीपासून पाळण्यातल्या लेकरापर्यंत सगळे जेवायला, आणि घरी पाहुणा असेल तर तोही. काकू गुरुवारी पहाटे निघाल्या आणि शुक्रवारी दिवे लागेपर्यंत दारोदार फिरल्या. कोणाला वगळलं तर नवस फळत नाही. आणि काकूंना कोणाचंही काही अर्धवट ठेवायची सवय नव्हती.

शनिवारी सकाळी दहा वाजता उमाळे स्कूटरवरून निघाले. पायांत तुपाचा डबा, मागं काठापदराचं लुगडं नेसलेल्या स्नेहलताबाई, डिकीत फाईल. वाटेत मॅडमचा फोन आला.

"सर, आपण दोन पाहुणे म्हणाला होता."

"हो."

"मी ट्रॅक्टर मोजतेय. आतापर्यंत सहा."

फाटकापाशी पोहोचले तर गोविंदा उन्हात बाजूला उभा होता आणि फाटक सताड उघडं.

"अबे, हे काय? कार्ड नाही विचारलंस?" गडबडीत उमाळ्यांच्या तोंडून 'अबे' निघून गेलं.

"इचारलं नं भाऊजी. गोजरमायले इचारलं. थे म्हने, मारोतीले. आता मारोतीले कार्ड कोन मांगते? आन् मंग माही माय पन त्यायच्यातच व्हती."

हिरवळीवर सारं डोणगाव उतरलं होतं. लिंबाखाली बायकांनी कणकेचे ढीग लावले होते. गोल्फची जागा काकूंनी मुख्य स्वयंपाकासाठी पसंत केली होती; सपाट, काटा नाही, खडा नाही. "इतकी चांगली सारवल्यावानी जमीन उगाच पाडून ठेवली व्हती," त्या म्हणत होत्या. आणि त्या नऊ भोकांचा उपयोग पहिल्यांदाच कोणालातरी कळला होता. गोल बुडाच्या पितळी घागरी कधी सरळ उभ्या राहत नाहीत. इथं नऊ भोकांत नऊ घागरी फुलासारख्या बसल्या होत्या, आणि शेजारच्या लाल झेंडीला कोणीतरी ओले फडके वाळत घातले होते. मधोमध गोवऱ्यांचा लांबलचक जाळ. धूर सरळ उपाहारगृहाच्या काचेवर.

काचेमागं समिती बसली होती.

अध्यक्ष रत्नपारखी बाहेर आले. पांढरे बूट, पांढरी टोपी, आवाज मऊ. असा मऊ आवाज फक्त खूप जमीन असलेल्या माणसाचा असतो. त्यांनी उमाळ्यांना खांद्याला धरून बाजूला घेतलं.

"उमाळे, मी तुमच्या बाजूचा माणूस आहे. सकाळीच आम्ही ठरवलं, तुम्हाला कायम करायचं. सही बाकी आहे. तुम्ही फक्त या मंडळींना तुमच्या भाषेत सांगा, मागच्या शेतात जा म्हणून. जेवण तिकडं करा, मी मंडप देतो. इथं हे असं... क्लबचा अर्थ राहत नाही. तुम्हाला तर तो चांगला कळतो."

कळत होता. उमाळ्यांइतका तो कोणालाच कळत नव्हता. वेताची खुर्ची, चहा, चाळीस मिनिटांची शांतता. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते वाक्य बोलण्यात त्यांची हयात गेली होती : इथं होणार नाही, तिकडं जा.

त्यांनी लिंबाकडं पाहिलं. पांढरी साखळी काढून कोणीतरी पाटीवर फुलांची टोपली ठेवली होती. स्नेहलताबाई मारोतीवर तेल घालत होत्या. रुईच्या पानांची माळ घालताना त्या मागं न बघताच म्हणाल्या, "अहो, नवस माझा आहे, क्लब तुमचा आहे. तुम्ही ठरवा. फक्त लवकर ठरवा, रोडगे जळतील."

काकूंनी जाळामागून आवाज दिला, "जवाईबापू, थो टोपीवाला काय म्हनून राह्यला? बसून घे म्हना. पह्यल्या पंगतीत जागा हाय."

उमाळे लंगडत फाटकापर्यंत गेले. रत्नपारखींना वाटलं माणूस ऐकतोय. मॅडमनी हुश्श केलं. उमाळ्यांनी डिकी उघडली, फाईल काढली, तितकेच सावकाश परत आले आणि जोडपत्र 'क' काढून अध्यक्षांच्या हातात दिलं. अर्जाबरोबर परत आलेला तोच सातबारा.

"हा आमच्याच जमिनीचा आहे," रत्नपारखी म्हणाले.

"हो. वाचा."

"वाचलाय आम्ही. आमच्या वकिलांनी पण वाचलाय."

"वकील मालकाचं नाव वाचतात, क्षेत्र वाचतात आणि थांबतात. उजवीकडचा रकाना वाचा. इतर हक्क. तो कोणी वाचत नाही. तो वाचायला सरकार मला पगार देतं."

रत्नपारखींनी चष्मा काढला, घातला आणि वाचलं. जुन्या तलाठ्याच्या वळणदार अक्षरातलं वाक्य होतं : 'मारोतीस जाण्यायेण्याची व प्रसंगी नैवेद्य शिजविण्याची सर्व ग्रामस्थांस वहिवाट.'

"हे जुनं आहे," ते म्हणाले. "आता मालक बदललाय."

"मालक बदलतो. रकाना सोबत येतो. तुमच्या नव्या उताऱ्यावर पण आहे, बघा घरी जाऊन. आणि 'शिजविण्याची' या शब्दाकडे विशेष लक्ष द्या. लिहिणारा मोठा जाणता माणूस असला पाहिजे."

 कडूबाला इतकंच कळलं की भाऊजींनी कागद काढलाय आणि टोपीवाल्याचा आवाज आणखी मऊ झालाय. त्यानं शेजारच्याला कोपर मारलं. "म्या दिलेला कागद हाय थो. चुकून दिलता."

रत्नपारखींनी कागदाची घडी घातली. मग त्यांनी उमाळ्यांचा दंड धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "उमाळेसाहेब, जरा एक विचारायचं होतं."

उमाळ्यांचा चेहरा अचानक निवांत झाला. गुडघासुद्धा सरळ झाल्यासारखा वाटला. "विचारा," ते म्हणाले.

"ही ओळ कमी करायची असेल तर?"

"अर्ज करा. दोन प्रतींत. फोटोची गरज नाही, हसायचीही नाही. मग गावात नोटीस लागते. हरकती मागवाव्या लागतात. कोणाची हरकत असेल तर सुनावणी." त्यांनी हिरवळीवरून एक नजर फिरवली. पहिली पंगत बसत होती. "हरकतदार सगळे इथंच आहेत. जेवणं झाली की विचारून घेऊ."

एव्हाना सगळ्यांना भूक लागलेली होती. समिती पहिल्या पंगतीत बसली. रत्नपारखींनी रोडगा सुरीनं कापायला घेतला तेव्हा काकूंनी तो हातातून काढून घेतला, मुठीनं फोडला, तुपात बुडवला आणि पत्रावळीवर ठेवला. "बुक्कीनं फोडा लागते, बापू. सुरीनं कापाले हा काय वाढदिवस हाय?" मॅडमनी पहिला घास खाऊन डोळे मिटले आणि विचारलं, "ही बाटीच ना?"

"बाटी नाही माय, रोडगा. पुन्यांदा बाटी म्हनशीन त तूप नाही भेटनार."

मॅडमनी पुन्हा म्हटलं नाही. चौथ्या रोडग्याला त्या "मले अजून भाजी" म्हणाल्या, असं आशाबाई वाढपीण शपथेवर सांगते. उमाळ्यांनी याला पुरावा मागितला, तो अजून आलेला नाही.

समितीनं उमाळ्यांना कायम केलं. सदस्य म्हणून ठेवलेला उमाळे बाहेर ठेवलेल्या उमाळ्यापेक्षा कमी धोक्याचा, असा विचार त्यामागं असावा. कार्ड छान आलं. जाड, सोनेरी कडा, फोटोत शिंक. रामरावांनी ते कुंपणावरून मागून घेतलं, पालथं करून पाहिलं आणि म्हणाले, "मागं कोरंच हाय की. माह्या साडूच्या कार्डावर मागं नियम व्हते."

एकच बाब उमाळ्यांच्या हिशेबात आली नव्हती. वहिवाट सर्व ग्रामस्थांस होती. दर शनिवारी डोणगाव मारोतीला येऊ लागलं. आणि मारोतीला आलेला माणूस परत जाताना बघे, तर शनिवारचीही सुट्टी म्हणून वेताच्या खुर्चीत उमाळेसाहेब चहा पीत बसलेले. मेहकरला जायची फेरी वाचे. पुढं पुढं उंद्रीचे, सोनाटीचे, लांबलांबचे लोकही डोणगावच्या मारोतीचे भक्त झाले. फायली पिशवीत घालून आणत, वरून नारळ. शेवटी मॅडमनं उमाळ्यांच्या खुर्चीपुढं एक टेबल लावून दिलं. उमाळ्यांनी त्यावर कापड टाकायला लावलं, कारण उघड्या टेबलावर त्रुटी नीट दिसत नाहीत.

परवाच्या शनिवारी ते क्लबात पोहोचले आणि खिसे चाचपले. कार्ड घरी राहिलं होतं, दुसऱ्या टी-शर्टात. मागं पंधरावीस माणसं, बाया, एक बैलगाडी.

गोविंदानं हात आडवा केला. "कार्ड, भाऊजी."

"घरी राहिलं."

"मंग नाही जमत. मॅडमचा हुकूम हाय. मेंबरले कार्डाबगर सोडाचं नाही."

मागचे लोक बाजूनं आत जाऊ लागले. एक म्हातारी जाता जाता थांबली आणि कीव आल्यासारखी त्यांच्याकडं बघू लागली. उमाळ्यांनी टी-शर्टाची कॉलर नीट केली, क्षणभर रस्त्याकडं पाहिलं, मग गोविंदाच्या डोळ्यात डोळे घालून ठासून म्हणाले,

"बाजूले सरक बे. मारोतीले चाललो."